जोडीचा संसार व हद्दीचे रक्षण : हंस, सारस आणि आपल्या शिवारातील पाणपक्षी

आपल्या मराठी मुलखात हंसाचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. देवी सरस्वतीचे वाहन म्हणून, चित्रांतील व रांगोळीतील पक्षी म्हणून तो घरोघर पोचलेला आहे. परंतु ज्याला पक्षिशास्त्रात खरा हंस म्हणतात तो पक्षी आपल्या तलावांवर येत नाही. जगात हंसाच्या सहा जाती मानल्या जातात. त्यांपैकी बहुतेक उत्तरेकडील थंड देशांत राहतात, काळा हंस ऑस्ट्रेलियात आणि काळ्या मानेचा हंस दक्षिण अमेरिकेत आढळतो. भारतात एखादा हंस कडाक्याच्या हिवाळ्यात वायव्येकडील भागात क्वचित वाट चुकून येतो, इतकेच. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या ज्या पक्ष्याला लोक राजहंस म्हणतात तो वस्तुतः कलहंसांच्या कुळातील पट्टकादंब होय.

असे असता शेतीविषयक पत्रिकेत हंसाचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हंसाच्या ठिकाणी जे दोन गुण विशेष ठळकपणे दिसून येतात, म्हणजे जोडीदाराशी दीर्घकाळ टिकणारी निष्ठा आणि स्वतःच्या हद्दीचे कडक रक्षण, ते आपल्या राज्यातील अनेक पाणपक्ष्यांतही दिसतात. या पक्ष्यांची हद्द पुष्कळदा आपल्या बांधाच्या आत असते. त्यांचे घरटे भाताच्या खाचरात, तलावाकाठच्या गवतात किंवा नांगरटीच्या ढेकळांत असते. आपण नांगर केव्हा धरतो, फवारणी कशाची करतो, तलावाच्या काठापर्यंत पेरणी नेतो की थोडी जागा सोडतो, यांवर त्यांचा संसार टिकणे वा मोडणे अवलंबून असते. म्हणून या पक्ष्यांची रीतभात जाणून घेणे हे शेतकऱ्याचे व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम ठरते.

हंसाची हद्द

युरोपात सर्वत्र परिचित असलेला मूक हंस हा चांगला दहा-बारा किलो वजनाचा पक्षी आहे. विणीचा हंगाम जवळ आला की नर व मादी मिळून तळ्याचा किंवा नदीचा एक भाग आपलासा करतात. लहान तळे असल्यास पुष्कळदा संपूर्ण तळ्यावर एकाच जोडप्याचा अंमल असतो. दुसरा हंस त्या पाण्यात उतरला की नर पंख पाठीवर कमानीसारखे उभारतो, मान मागे घेतो आणि दोन्ही पायांनी एकदम पाणी मागे सारीत झपाट्याने त्याच्या अंगावर जातो. आलेला पाहुणा बहुधा एवढ्यानेच माघार घेतो. न घेतल्यास पंखांच्या तडाख्यांची खरी लढाई होते व तीत कधीकधी एखादा पक्षी प्राणासही मुकतो. मादी सामान्यतः पाच ते सात अंडी घालते व सुमारे छत्तीस दिवस ती उबवते. त्या काळात नर पहाऱ्यावर असतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. ज्याप्रमाणे शेतकरी बांधासाठी भांडतो तो मातीच्या त्या वीतभर पट्ट्यासाठी नव्हे, तर त्या बांधाआड पिकणाऱ्या धान्यासाठी, तद्वतच पक्षी हद्दीसाठी भांडतो तो अन्नासाठी व पिलांच्या सुरक्षिततेसाठी. अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलांना लांब जाता येत नाही. जवळच्या जवळ पुरेशी पाणवनस्पती, किडे व आडोसा मिळाला तरच ती जगतात. एका जोडप्याच्या पिलांना जेवढे अन्न लागते तेवढे राखून ठेवण्याची व्यवस्था म्हणजेच हद्द.

याचा पुरावा इंग्लंडमधील ॲबट्सबरी या गावी पाहावयास मिळतो. तेथील खाडीलगतच्या जलाशयात हंसांना विपुल अन्न मिळते व माणसांकडून संरक्षणही मिळते. अकराव्या शतकात तेथील मठवासी साधूंनी हंस पाळण्यास आरंभ केला आणि ती वसाहत आजतागायत चालू आहे. त्या ठिकाणी एरवी एकमेकांना उभे न करणारे मूक हंस अगदी शेजारी शेजारी घरटी बांधतात. अन्न मुबलक असेल तेथे हद्द आकुंचन पावते आणि अन्न दुर्मीळ असेल तेथे ती विस्तारते, असा याचा अर्थ होय. पाणथळ जागा कमी होऊ लागल्या की जोडप्यांमधील झगडे का वाढतात व अनेकांना हद्दच का मिळत नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

पिले मोठी झाल्यावर काही महिने आईबापांबरोबर राहतात. नंतर बाप त्यांना हद्दीबाहेर घालवितो. ही तरुण मंडळी मोठ्या पाण्यावर थव्याने राहतात, तेथेच जोडीदार निवडतात आणि साधारण तीन-चार वर्षांची झाल्यावर स्वतःची हद्द शोधू लागतात. तात्पर्य, तलावावर थव्याने दिसणारे सर्वच पक्षी वीण करणारे असतात असे नव्हे. थवा मोठा दिसला म्हणून पिलावळ भरपूर आहे, असे अनुमान काढणे चुकीचे ठरते.

जोडी कितपत टिकते?

हंसाची जोडी आजन्म टिकते, अशी समजूत जगभर आहे. ती बव्हंशी खरी आहे, परंतु तिला शास्त्रीय निरीक्षणाची जोड मिळाल्यावर काही गोष्टी अधिक स्पष्ट झाल्या. इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे सर पीटर स्कॉट यांनी १९६४ सालापासून बेविक हंसांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. उत्तर रशियाच्या बर्फाळ प्रदेशातून हे हंस हिवाळ्यात तेथे येतात. प्रत्येकाच्या चोचीवरील पिवळ्या-काळ्या रंगाची नक्षी निराळी असते व तीवरून एकेक पक्षी ओळखता येतो, हे स्कॉट यांनी दाखवून दिले. आपण बैल जसा त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखतो, तसाच हा प्रकार. या नोंदी पिढ्यानुपिढ्या चालू राहिल्या. सुमारे चार हजार जोड्यांच्या निरीक्षणात दोन्ही पक्षी जिवंत असता जोडी फुटल्याचे दुसरेच उदाहरण २०१० साली नोंदले गेले.

या निष्ठेमागे व्यवहारही आहे. एकमेकांस सरावलेली जुनी जोडी नव्या जोडीपेक्षा अधिक पिले वाढवते, असे याच निरीक्षणांतून आढळून आले. हद्द कोठवर, अन्न कोठे, धोका कोणत्या बाजूने, कोणी उबवावयाचे व कोणी राखण करावयाची, हे सारे जुन्या जोडीला नव्याने शिकावे लागत नाही. मात्र सर्व जाती सारख्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील काळ्या हंसांच्या पिलांची रक्तपरीक्षा केली असता सुमारे सहा पिलांपैकी एकाचा बाप जोडीतील नर नसून दुसराच असल्याचे दिसून आले. तरीही पिले वाढविण्याचे काम जोडीनेच केलेले होते. तसेच जोडीदार मेल्यावर उरलेला पक्षी झुरून मरतो, ही समजूतही सरसकट खरी नव्हे. काही काळानंतर तो बहुधा दुसरा जोडीदार शोधतो. परंतु तोवर एक वा अधिक विणी वाया जातात, आणि जेथे पक्षी मुळातच थोडे आहेत तेथे ही हानी मोठी ठरते.

महाराष्ट्रातील हंस : सारस

हंसाचे हे सर्व गुण आपल्या राज्यात ज्या पक्ष्यात पाहावयास मिळतात तो पक्षी म्हणजे सारस. तो क्रौंचांच्या कुळातील असून उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच आहे. पूर्ण वाढलेला सारस सुमारे सहा फूट उंच भरतो. अंग राखी, डोके व मानेचा वरचा भाग लालभडक, पाय लांब व तांबूस. आज महाराष्ट्रात सारसाची वस्ती प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात व थोड्या प्रमाणात भंडारा जिल्ह्यात उरली आहे. लगतच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातही तो आढळतो. वैनगंगा व बाघ या नद्यांचा परिसर, जुने मालगुजारी तलाव आणि भाताची खाचरे हे त्याचे माहेरघर होय.

सारसाची वीण पावसाळ्यात होते. भाताची रोवणी होऊन खाचरांत पाणी उभे राहिले की जोडपे आपली हद्द ठरविते. हद्दीची घोषणा ते आवाजाने करतात. नर व मादी शेजारी उभे राहून माना वर करतात आणि एका सुरात साद घालतात. नराच्या एका आवाजास मादीचे दोन आवाज, असा त्यांचा ताल असतो. त्या वेळी नर पंख उंचावतो, मादी ते मिटलेलेच ठेवते. दूरवर ऐकू जाणारी ही साद म्हणजे शेजारच्या जोडप्यास दिलेली नोटीसच म्हणावयास हरकत नाही. जोडीचे नृत्य तर प्रसिद्धच आहे. उड्या मारणे, माना लववणे, पंख पसरणे, गवताच्या काड्या उडविणे असे त्याचे स्वरूप असते. ते केवळ विणीच्या काळातच नव्हे, तर इतर वेळीही चालते व त्यामुळे जोडीचे नाते दृढ होते.

घरटे म्हणजे उथळ पाण्यात गवत, लव्हाळे व भाताची रोपे रचून केलेला उंचवटा. त्यात मादी बहुधा दोन अंडी घालते आणि दोघेही आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. मोगल बादशहा जहांगीर याने लैला व मजनू या नावांची सारसाची जोडी पाळली होती. दोन अंड्यांमध्ये अठ्ठेचाळीस तासांचे अंतर असते व उबवणीस चौतीस दिवस लागतात, अशी नोंद त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी केली. आजच्या निरीक्षणांशी ती पुष्कळच जुळते. पिले जन्मतःच चालू लागतात, परंतु उडण्यास त्यांना तीन महिने लागतात. तोपर्यंत ती सर्वस्वी हद्दीतील अन्नावर व आईबापांच्या राखणीवर अवलंबून असतात. दोन्ही पिले वाढणे हे त्या वर्षीचे भाग्यच समजावे.

उत्तर प्रदेशात सारस आजही मोठ्या संख्येने आहे व तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. तेथील शेतांमध्ये अनेक वर्षे केलेल्या निरीक्षणांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. शंभरांत दोनांहूनही कमी प्रमाणात, जोडीऐवजी तीन सारस मिळून एक हद्द राखतात व तिघे मिळून साद घालतात. ज्या ठिकाणी जागा कसदार नसते तेथे पिले वाढविण्यास तिसऱ्याची मदत होत असावी, असा या निरीक्षणाचा निष्कर्ष आहे. पडीक जमीन कसावयाची झाल्यास घरात जास्त हात लागतात, तसाच हा प्रकार समजावा.

वाल्मीकी ऋषींच्या काव्याचा उगम क्रौंच पक्ष्याच्या जोडीतील एकाचा वध पाहून झाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तो क्रौंच म्हणजे सारसच असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या देशात हा प्रसंग काव्याचा आरंभ मानला गेला त्या देशात आज सारसाची काय स्थिती आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. गोंदिया जिल्ह्यात दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस वन विभाग व 'सेवा' ही स्थानिक संस्था मिळून सारसगणना करतात. जिल्ह्यातील सारसांची संख्या अलीकडच्या गणनांत पन्नासाच्या आतच राहिली आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली व त्यातून जिल्हावार सारस संवर्धन समित्यांचे काम सुरू झाले. विजेच्या तारांचा धक्का, शेतातील विषारी औषधे, तलावांवरील अतिक्रमण आणि घरट्यांची नासधूस ही घटीची मुख्य कारणे सांगितली जातात. पन्नासाच्या आतल्या संख्येत वीण करणाऱ्या जोड्या किती असतील, याचा विचार करावा. त्यांतील एक पक्षी तारेला चिकटला की एक संपूर्ण हद्द निकामी होते.

भाताच्या नुकसानीचा हिशोब

सारसाचे घरटे खाचरात झाले की पीक तुडवले जाते, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. मात्र तिचा हिशोब मांडून पाहावा. समजा, घरटे व त्याभोवतीची तुडवलेली जागा मिळून चार मीटर लांब व चार मीटर रुंद आहे. म्हणजे सोळा चौरस मीटर झाले. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्या हिशोबाने एकरामागे हजारांत चार भाग इतकी जागा गेली. एकरी पंधरा क्विंटल भात धरला तर हा तोटा सुमारे सहा किलोचा होतो. उलट, सारस खाचरातील कीटक, गोगलगायी व बेडूकही खातो. सहा किलो भाताच्या मोबदल्यात राज्यातील अखेरच्या काही जोड्यांपैकी एक जोडी आपल्या शेतात वाढते, ही गोष्ट गावाला अभिमान वाटावा अशीच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे

हिंगोली जिल्ह्यात भाताची खाचरे थोडी आणि सोयाबीन, हळद, कापूस, तूर व हरभरा ही मुख्य पिके. परंतु पाणी आपल्याकडेही आहे. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण, पैनगंगेवरील इसापूर धरण, वरच्या अंगास परभणी जिल्ह्यातील येलदरी, त्याशिवाय कयाधूचे डोह व गावोगावचे पाझर तलाव. मराठवाड्यातील अशा जलाशयांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. त्यांपैकी जोडीसाठी सर्वांत प्रसिद्ध तो चक्रवाक.

चक्रवाक हा नारिंगी-विटकरी रंगाचा, फिकट डोक्याचा मोठा बदकवर्गीय पक्षी आहे. तो लडाख, तिबेट व मध्य आशियात वीण करतो आणि आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल या काळात राहतो. पाण्याच्या कडेला वाळूवर वा गाळावर तो बहुधा जोडीने दिसतो. चक्रवाकाच्या जोडीचा रात्री वियोग होतो व ती पलीकडच्या काठावरून एकमेकांना हाका मारते, ही कविकल्पना आपल्या साहित्यात प्राचीन काळापासून रूढ आहे. प्रत्यक्षात ही जोडी तुटत नाही. चरताना दोघांत अंतर पडले की ती आवाजाने परस्परांचा ठाव घेत राहते, आणि त्या हाकांवरूनच ही कल्पना सुचली असावी. विणीच्या जागी मात्र त्यांचे वागणे पार बदलते. तेथे परका पक्षी दिसला की मादी मान पुढे ताणून त्याच्या रोखाने धावते व नरास लढण्यास चेतविते. घरटे कड्यातील कपारीत वा बिळात असते. मादी उबवते व नर राखण करतो.

पट्टकादंब, म्हणजे लोकांच्या बोलीतील राजहंस, याच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असतात. तिबेट, लडाख व मंगोलियाकडील सरोवरांकाठी वीण करून तो हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाद्वारे माग घेतला असता हा पक्षी ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद झाली आहे. आपल्याकडे तो चक्रवाकापेक्षा कमी दिसतो. त्याच्या थव्याकडे नीट पाहिल्यास थव्यातही कुटुंबे ओळखू येतात. नर, मादी व त्या वर्षीची पिले एकत्र चरतात. पिलांच्या डोक्यावर ते काळे पट्टे उमटलेले नसतात, हीच त्यांची खूण. हिवाळ्यात विणीच्या हद्दीची गरज उरत नाही, म्हणून हद्द सुटते. जोडी मात्र सुटत नाही. हंसाच्या बाबतीत जे घडते तेच येथेही दिसते.

गाळपेरीचा प्रश्न

धरणाचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर अनेक शेतकरी हरभरा, गहू, भाजीपाला घेतात. ही गाळपेर जमीन सुपीक खरी, पण हिवाळी पाणपक्ष्यांची चरण्याची व विसाव्याची जागाही तीच. राजहंस संध्याकाळनंतर व रात्री चरावयास बाहेर पडतो आणि गव्हाची व हरभऱ्याची कोवळी रोपे त्यास आवडतात. "साहेब, रात्रीतून हरभऱ्याचे शेंडे जातात, काय करावे?" असा प्रश्न गावबैठकीत आला तर त्यास टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. नुकसान खरे असते व ते लहान शेतकऱ्याला जाणवते.

अशा वेळी काहीजण धान्यास विषारी औषध चोळून काठावर टाकतात. हा मार्ग सर्वस्वी वर्ज्य समजावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा आहेच. शिवाय ते विष त्याच पाण्यात उतरते, ज्या पाण्यावर गुरे येतात व ज्यातील मासे बाजारात जातात. थव्यातील काही पक्षी मेले म्हणून उरलेला थवा कायमचा निघून जाईल, याचीही शाश्वती नाही. उलट मेलेल्या पक्ष्यांमागे तुटलेल्या जोड्या उरतात आणि हजारो किलोमीटर दूर कोठेतरी त्यांच्या विणीची हद्द त्या उन्हाळ्यात ओस राहते. पुढील हिवाळ्यात कमी पक्षी येतात ते या कारणाने.

बारमाही शेजारी

हिवाळी पाहुणे निघून गेल्यावरही आपल्या शिवारात काही जोडपी राहतातच. त्यांपैकी एक हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे व चोचीच्या मुळाशी दोन कुंकवासारखे ठिपके, यावरून हे नाव पडले. हळदीच्या वसमत भागात हे नाव सांगताच ओळख पटावी. पावसाळ्यात व त्यानंतर तलावाकाठच्या उंच गवतात ते जमिनीवर घरटे करते. त्याची जोडी हंसासारखी पक्की नसते. ती हंगामापुरती जुळते व उबवणीचे काम एकटी मादी सुमारे साडेतीन आठवडे करते. या काळात काठचे गवत कापले वा पेटविले तर सारी वीण नष्ट होते.

दुसरी आपल्या सर्वांची परिचित टिटवी. हद्दीच्या रक्षणात तिचा हात हंसही धरू शकणार नाही. नांगरलेल्या रानात, मुरमाड माळावर, बांधाच्या कडेला ढेकळांच्या रंगाची चार अंडी ती उघड्यावरच घालते. नर व मादी दोघेही सुमारे चार आठवडे आळीपाळीने ती उबवतात. कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवतात. कुत्रा, माणूस वा गुरे जवळ आली की जोडी आरडाओरडा करीत डोक्यावर घिरट्या घालते आणि पुष्कळदा एक पक्षी लंगडण्याचे सोंग करून शत्रूस घरट्यापासून दूर नेतो. रात्री टिटवी ओरडली की अपशकुन, अशी समजूत खेड्यांतून आहे. वस्तुतः रात्री टिटवी ओरडते ती कोणीतरी तिच्या हद्दीत शिरले म्हणून. तो राखणदाराचा पुकारा होय. शेतात रात्री कोण फिरते आहे हे तीच आपल्याला सांगत असते, असे समजल्यास तिच्याविषयीचा राग जाऊन उपकारच वाटतील. टिटवीच्या अंड्यांच्या जागेवरून पावसाचा अंदाज बांधण्याची प्रथाही आहे. पण पेरणीचा निर्णय मात्र हवामान खात्याचा अंदाज व जमिनीतील ओल पाहूनच घ्यावा.

काय करता येईल?

शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नांगरट किंवा वखरणी करताना टिटवीचे अंडे दिसल्यास अंड्यांना हात न लावता सभोवार एक मीटर जागा सोडावी व चार काड्यांची खूण करावी. चार आठवड्यांत पिले निघून जातात. तेवढी जागा नंतर वखरता येते.

२. तलावाच्या व नाल्याच्या काठची गवताची पट्टी पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन महिन्यांत पूर्ण कापू नये, जाळू तर मुळीच नये. गवत हवेच असल्यास तुकड्या-तुकड्याने कापावे. ही पट्टी मातीची धूपही थांबविते, हा दुसरा फायदा.

३. गाळपेरीत पेरणी अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत नेऊ नये. काठाशी सोडलेल्या पट्टीत गवत व पाणवनस्पती उगवतात. पक्ष्यांना तेथेच चारा मिळाल्यास पिकाकडे येण्याचे प्रमाण कमी होते.

४. पीक कोवळे असताना चकाकणाऱ्या फिती बांधाव्यात, संध्याकाळी राखण ठेवावी व फितींची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. एकाच जागी राहिलेल्या बुजगावण्यास पक्षी लवकर सरावतात.

५. काठच्या शेतात कीटकनाशक फवारणी गरजेपुरतीच करावी, पंप व भांडी तलावात धुऊ नयेत आणि विष चोळलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नये.

६. उबवणीच्या काळात घरट्याजवळ गर्दी करू नये, छायाचित्रासाठी तर जवळ जाऊच नये. आईबाप उठले की अंडी उन्हात तापतात व कावळ्यांना वाट मिळते.

७. लोंबकळणाऱ्या वीजतारा किंवा जखमी पक्षी दिसल्यास अनुक्रमे वीज कंपनीस व वन विभागास कळवावे. लोंबकळती तार माणसास व जनावरासही तितकीच घातक असते.

८. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या तलावावर कोणते पक्षी कोणत्या महिन्यात जोडीने दिसतात व घरटी कोठे होतात, याची एक साधी वही ठेवावी. शाळेतील मुलांना हे काम द्यावे. ती ते आवडीने करतात. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की तलावाची तब्येत सुधारते आहे की बिघडते आहे, हे त्यावरून कळू लागेल.

गोंदियाच्या शेतकऱ्यांनी आपल्या खाचरात सारस राखला तो प्रत्येक वेळी कायद्याच्या धाकाने नव्हे. घरटे केलेल्या जागेपुरती कापणी थांबविणारे व शेजाऱ्यास सांगून राखण करणारे शेतकरी तेथे आहेत म्हणूनच ही थोडी जोडपी आजवर टिकली. आपल्या जिल्ह्यात सारसाइतका दुर्मीळ पक्षी नसेल, परंतु सारस दुर्मीळ होण्यापूर्वी जी काळजी घ्यावयास हवी होती ती आपल्या हळदी-कुंकू बदकाची, चक्रवाकाची व टिटवीची घेण्याची संधी आज आपल्या हाती आहे. हद्द म्हणजे काय आणि घर टिकविण्यास जोडीने किती कष्ट लागतात, हे शेतकऱ्यास दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. आपल्या सातबाऱ्याच्या हद्दीत दुसऱ्या एखाद्या जोडप्याचीही छोटी हद्द आहे, एवढे मनात धरून येत्या हंगामात नांगर धरावा.